माग कुणाचा, सूत कुणाचं

(इचलकरंजीतल्या तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललं तसंच ठेवलं आहे.)



मला विषय दिला होता 'माहिती तंत्रज्ञान आणि बहुजन तरुण'. असले विषय मला झेपत नाहीत. असल्या विषयावर बोलायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, हार घालून घेतात, 'भविष्य तुमच्या हातात आहे' म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातात. हातात खरोखर काय आहे ते बघायला कुणी थांबत नाही. हातात मोबाईल आहे आणि त्याची काच फुटलेली आहे. म्हणून मी विषय बदलला. प्रोग्रॅमिंग शिकायला लॅपटॉप घ्यायचा आहे, त्यावर लिनक्स नीट चाललं पाहिजे, तर कुठला घ्यायचा? आज एवढ्यावरच बोलतो.

हसताय कशाला? ज्याच्या बापाकडं पैसा आहे त्याचा लॅपटॉप चुकला तर तो सहा महिन्यांनी दुसरा घेतो. आपल्या घरात लॅपटॉप येतो तो आईच्या बचत गटाच्या कर्जातनं, नाहीतर हप्त्यावर. तो हप्ता म्हंजे रात्रपाळी. त्यात चुकीचं यंत्र आलं, तर दुसरं येत नाही. पोरगं चार महिने धडपडतं, मग प्रोग्रॅमिंग सोडून देतं, आणि शेजारपाजारचे म्हणतात, 'त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.' अरे, डोक्यात बसत होतं, वाय-फाय बसत नव्हतं!

आता लिनक्सच का, हे आधी सांगतो. कारण दुकानात पहिला प्रश्न तोच येतो : 'भावा, विंडोज असताना ही कटकट कशाला?'

ह्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून आजपर्यंत ह्या गावानं किती कापड विणलं याचा हिशेब नाही. आणि ह्या गावात एक शब्द आहे, 'खर्चीवाला'. तुम्हाला सांगायला नको, पण बाहेरनं दोघं-तिघं आलेत त्यांच्यासाठी सांगतो. खर्चीवाल्याचा माग स्वतःचा. शेडचं भाडं त्याचं, लाईटबिल त्याचं, माग बिघडला तर तो त्याचा. पण सूत व्यापाऱ्याचं आणि कापडही व्यापाऱ्याचंच. कुठलं कापड विणायचं, पीक किती, मजुरी किती, हे व्यापारी सांगणार. ह्याला लोक 'मालक' म्हणतात. कशाचा मालक? लोखंडाचा!

पैसे मोजून घेतलेला लॅपटॉप तुमचा असतो तो असाच. लोखंड तुमचं. आत काय चालणार, कधी बंद पडणार, ते दुसरा ठरवणार. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ घाला म्हणाले. पण ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसर ठराविक सालापुढचाच लागतो. म्हणजे ज्यांची यंत्रं ठणठणीत होती त्यांचीही कागदावर भंगार झाली. यंत्र मोडलं नव्हतं, फर्मान निघालं होतं. ह्या फर्मानातच आपली एक संधी दडलेली आहे, तिच्याकडं नंतर येतो.

लिनक्सचं उलट आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमननं अमेरिकेत 'ग्नू'ची घोषणा केली. चालवायला, उघडून बघायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळी अशी सगळी यंत्रणा उभी करायची. १९९१ मध्ये हेलसिंकीत लायनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं घरच्या कॉम्प्युटरसाठी गाभा लिहिला आणि जगापुढं उघडा टाकला. तो गाभा म्हणजे लिनक्स. आज तुमच्या अँड्रॉईड मोबाईलच्या पोटात तोच आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. उद्या नोकरीत तुमचा कोड ज्या सर्व्हरवर चढेल तोही बहुधा लिनक्सच. मग शिकायचं तिथं आणि राबायचं इथं, असं दोन घरांत कशाला राहायचं?

आणि सोर्स कोड झाकून ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावायची गरज नाही. कानावर पडलं तर कानात शिसं ओतायची भाषा करणाऱ्यांचा हा देश आहे. वाचायला बंदी होती म्हणून तर आपण वाचणाऱ्यांचे वारस झालो. इथं कोड उघडा पडलाय. वाचायचा नाही असं ठरवलं तर तो आपला गुन्हा.

प्रोग्रॅमिंग आपलं नाही असं ज्याला वाटतं त्याला आणखी एक गोष्ट सांगतो. १८०४-०५ च्या सुमाराला फ्रान्समधल्या लिऑनच्या जॅकार्डनं माग काढला. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि भोक असेल तसा ताण्याचा धागा उचलला जातो. त्या पुठ्ठ्यावरनंच पुढं बॅबेजनं आपल्या गणितयंत्राला आज्ञा द्यायची कल्पना उचलली. म्हणजे कॉम्प्युटरचा जन्म मागाच्या पोटी झालाय. तुमची आई डॉबीच्या खुंट्या बघून कापडावर कुठली नक्षी उतरणार ते सांगते. ती काय करते? प्रोग्रॅम वाचते. तिला कुणी इंजिनियर म्हणत नाही, तिला पगारही तसला नाही, ही गोष्ट वेगळी.

आता यंत्राकडं येऊ.

लिनक्स 'चालतं' की 'नाही चालत' ह्याची सगळी मेख ड्रायव्हरमध्ये असते. ड्रायव्हर म्हंजे जॉबर. माग कितीही भारी असू दे, त्याची खोड ओळखणारा जॉबर नसला तर तो धोटा फेकतो आणि बंद पडतो. तसं वाय-फायच्या चिपची खोड ओळखणारा एक ड्रायव्हर लागतो, आवाजाचा एक, कॅमेऱ्याचा एक. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच येतात. पण ते तेव्हाच येतात जेव्हा चिप बनवणारी कंपनी माहिती देते किंवा स्वतः ड्रायव्हर लिहून देते. इंटेल आणि एएमडी आपल्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर उघडे देतात. एनव्हिडिया कित्येक वर्षं देत नव्हती. २०१२ साली फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवून ह्या कंपनीला शिवी घातली. २०२२ मध्ये कंपनीनं ड्रायव्हरचा काही भाग उघडा केला. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. तरी माझं मत स्पष्ट आहे : तुम्हाला खेळ खेळायचे नसतील किंवा मशीन लर्निंगसाठी ते कार्ड लागणारच नसेल, तर एनव्हिडियावाला लॅपटॉप घेऊ नका. दुकानदार 'गेमिंग' म्हणून तोच गळ्यात मारतो. लाल दिवे लागतात, पंखा विमानासारखा वाजतो, बॅटरी दोन तासांत झोपते. प्रोग्रॅमिंगला त्या दिव्यांचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, अगदी ताजं मॉडेल घेऊ नका. नव्या चिपचा ड्रायव्हर गाभ्यात यायला, आणि तो गाभा उबुंटू-डेबियनमधनं तुमच्यापर्यंत पोचायला महिने जातात. वर्षभर जुनं मॉडेल घेतलं की किंमत उतरलेली असते आणि आपल्याआधी कुणीतरी डोकं आपटून वाट काढलेली असते. हे आपल्या फायद्याचंच आहे. स्नॅपड्रॅगनचे जे नवे लॅपटॉप आलेत, बॅटरी फार टिकते म्हणून ज्यांची जाहिरात चालते, त्यांवर लिनक्स अजून कच्चं आहे. त्यांना हात लावू नका.

आता नावांची फसवणूक. एएमडी रायझनच्या ७००० मालिकेत चार आकडी नंबर असतो. लोक पहिला आकडा बघतात आणि खूश होतात. बघायचा तिसरा! ७५२० मध्ये तिसरा आकडा २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९ साली बाजारात आली. ७५३५ मध्ये ३, ७५४० मध्ये ४. डब्यावर तिन्हीकडं 'रायझन ५' असंच मोठ्या अक्षरात. च्यायला, सुताचा नंबर बदलून गळ्यात मारणाऱ्या व्यापाऱ्यापेक्षा हे वेगळं काय?

मेमरी. ह्याच्यावर मी हट्टी आहे. १६ जीबी पाहिजे. ब्राउझर, एडिटर, डेटाबेस, डॉकर, सगळं एकदम उघडलं की ८ जीबी गुदमरते. पण आज खिशात ८ चेच पैसे असतील तर ८ घ्या, फक्त एक बघा : मेमरी खाचेत बसवलेली आहे की बोर्डावर डाग देऊन चिकटवलेली. खाचेत असेल तर पुढच्या दिवाळीला बोनस आल्यावर वाढवता येते. डाग दिलेली असेल तर जन्मभर तेवढीच. बारीक, हलके, देखणे लॅपटॉप बहुतेक डाग दिलेलेच असतात. डिस्क एसएसडीच पाहिजे, ५१२ जीबी असली तर बरं. पडदा १९२०×१०८० चा. १३६६×७६८ चा पडदा अजून स्वस्तात खपवतात, त्यात कोडच्या चार ओळी दिसत नाहीत आणि डोळे जातात.

आणि ह्या गावासाठी खास : खालचं झाकण स्क्रूनं उघडलं पाहिजे. आपली घरं शेडला लागून. हवेत सुताचे तंतू असतात, ते लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन गादी करतात. पंखा साफ करता आला नाही तर यंत्र तापतं आणि तापलं की मंद होतं. वर्षातनं दोनदा झाकण उघडून ब्रश मारायचा. माग पुसल्याशिवाय तुमचा बाप पाळी सुरू करत नाही, मग तुम्ही का करता?

वाय-फायचं कार्ड इंटेलचं असेल तर बहुतेक वेळा डोकेदुखी नाही. रिअलटेक, मीडियाटेक असेल तर नवा गाभा लागतो, पण चालतं. ब्रॉडकॉमचं दिसलं तर दोनदा विचार करा. बोटाच्या ठशाचं कुलूप लिनक्समध्ये चालेलच असं नाही, त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. इंटेलच्या काही नव्या लॅपटॉपांत कॅमेराही रुसतो आणि मुलाखतीच्या दिवशी कळतं. आणि झोप! झाकण मिटल्यावर यंत्र झोपलं पाहिजे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांतनं जुनी गाढ झोप काढून टाकली आहे, नवी झोप म्हणजे मोबाईलसारखी डुलकी. ती नीट लागली नाही तर पिशवीत यंत्र तापत राहतं आणि कॉलेजात पोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते.

'डॉस'वाला लॅपटॉप स्वस्त असतो, विंडोजचे पैसे त्यात धरलेले नसतात. चांगली गोष्ट. पण विंडोज नाही म्हणून लिनक्स चालेलच असं समजू नका. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

मग घ्यायचा कुठला? माझं मत ऐका आणि पटलं नाही तर भांडा. आपल्यातल्या बहुतेकांनी नवा घेऊच नये. मोठ्या कंपन्या लॅपटॉप भाड्यानं घेतात, तीन-चार वर्षांनी परत करतात, आणि ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. त्यात विंडोज १० चं फर्मान निघालं, म्हणून आणखी ढीग बाहेर पडला. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. हे कचेरीसाठी बनवलेले, जाड, काळे, रूप नसलेले. पण कळा चांगल्या, झाकण उघडणारं, सुटे भाग मिळणारे. आणि लिनक्सवाले स्वतः हेच वापरत आल्यामुळं ह्यांचे ड्रायव्हर घासूनपुसून तयार झालेले. २०१८ च्या सुमाराचे थिंकपॅड टी ४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी ५ घ्या. तिन्हीत मेमरीच्या दोन-दोन खाचा आहेत. टी ४८० ला तर मागची बॅटरी बाहेरनं काढता येते. टी ४९० पासून निम्मी मेमरी डाग दिलेली, एकच खाच. लाईट गेली की बॅटरी किती महत्त्वाची हे मी तुम्हाला काय सांगू.

कुणी म्हणेल, 'म्हणजे आम्ही पुन्हा दुसऱ्याचं जुनंच वापरायचं? उतरलेले कपडे, उतरलेली पुस्तकं, आता उतरलेला लॅपटॉप?' प्रश्न बरोबर आहे. मलाही राग येतो. पण हप्त्यावर घेतलेला चकचकीत, उघडता न येणारा नवा डबा ही काही प्रतिष्ठा नाही. प्रतिष्ठा पाहिजे असेल तर यंत्र आपल्याला पूर्ण कळलं पाहिजे. ज्याला परवडतं त्यानं ह्याच तीन घराण्यांतला नवा घ्यावा. डेलनं २०१२ मध्येच एक्सपीएस १३ उबुंटू घालून प्रोग्रॅमरांसाठी विकायला काढला, लेनोवोनं २०२० पासून काही थिंकपॅड फेडोरा घालून विकले. उबुंटूवाल्यांची तपासलेल्या यंत्रांची यादी आहे, ती बघा. फक्त एकाच नावाच्या मॉडेलचे तीन-चार अवतार असतात, एकात इंटेलचं कार्ड, दुसऱ्यात दुसरंच. नाव जुळलं म्हणून नाचू नका, आतला भाग जुळतोय का बघा.

जुना घेताना तीन फसवणुकी होतात. एक, बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड. चालू करताना एफ १ किंवा एफ २ दाबून आत जाऊन बघा. थिंकपॅडला हा पासवर्ड असला तर बोर्ड बदलण्यापर्यंत पाळी येते. दोन, बॅटरी मेलेली. तीन, चोरीचा माल. बिलावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्या. आपल्या वस्तीतल्या पोराच्या हातात बिनबिलाचा लॅपटॉप सापडला तर पोलीस काय म्हणतील ते तुम्हाला माहिताय.

ह्या सगळ्याला तोडगा म्हणजे पेन ड्राईव्ह. त्यावर उबुंटू किंवा मिंट चढवा आणि दुकानात घेऊन जा. काही न बसवता लिनक्स पेन ड्राईव्हवरनंच चालतं, डिस्कला धक्का लागत नाही. दुकानदार म्हणेल, 'व्हायरस येतंय बघ.' शांतपणे सांगा, 'मामा, तुमच्या डिस्कला हात लावत नाही. चाललं तर आत्ता पैसे देतो.' मग वाय-फाय जोडा. गाणं लावा. माईकवर बोलून ऐका. कॅमेरा उघडा. ब्लूटूथ, टचपॅडवर दोन बोटं, उजेड कमी-जास्त करायच्या कळा. पॉवरच्या खिडकीत बॅटरीची मूळ ताकद किती आणि आजची किती हे दिसतं. शेवटी झाकण मिटा, चहा घ्या, परत येऊन उघडा. यंत्र जागं झालं, वाय-फाय परत जुळलं, तर घ्या. नाही झालं तर ठेवून या. अर्धा तास जातो. लाजायचं नाही. सोनं घेताना आई घासून घेते तेव्हा सोनाराला राग येतो का?

डबा नवा असेल आणि विंडोज आत असेल, तर ते लगेच पुसून टाकायचा शूरपणा करू नका. कॉलेजच्या एखाद्या परीक्षेला, एखाद्या सॉफ्टवेअरला ते लागतं. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. फक्त डिस्कची वाटणी करण्याआधी बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून ठेवा, नाहीतर आपल्याच घराबाहेर उभं राहायची वेळ येते.

एकट्यानं दुकानात गेलं की दुकानदार राजा असतो. केरळात सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं लिनक्स चालतं, कारण तिथं खरेदी करणारं सरकारच म्हणतं, आम्हाला हेच चालणारं यंत्र पाहिजे. आपल्यामागं सरकार नाही. पण पाच जण मिळून एकच मॉडेल घेतलं तर? एकाचा प्रश्न सुटला की पाचांचा सुटतो. एक जादा चार्जर पाचांना पुरतो. कुणाचा पंखा गेला तर भाग कुठनं आणायचा ते ठाऊक असतं. आणि पाच यंत्रांचा भाव एका यंत्रासारखा लावायची कुणाची छाती होत नाही.

आता पोरींसाठी, खरं म्हणजे पोरांसाठी. घरात लॅपटॉप आला की तो भावाचा होतो. बहिणीला मोबाईलवर कोड लिहायला सांगतात. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅबमध्ये जन्मलं तेव्हापासून एका यंत्रावर अनेकांनी काम करण्यासाठी घडत आलंय आणि लिनक्सनं तीच रीत घेतली. प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, वेगळं घर. बहिणीच्या फाईली भावाला दिसत नाहीत. तेव्हा पहिल्याच दिवशी दोन खाती उघडा आणि भिंतीवर पाळी लिहा, पहिली पाळी कुणाची, दुसरी कुणाची. पाळ्या लावायला ह्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. कर्जावर आईचा अंगठा आहे, तिच्याही नावाचं एक खातं असू दे.

मराठीची चिंता करू नका. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. लिनक्समध्ये इनस्क्रिप्टचा कळफलक आयता मिळतो, आठ दिवसांत बोटं वळतात.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. लिनक्सवाले सगळे समतेचे पुतळे नाहीत. प्रश्न विचारला की 'आधी वाचून या' म्हणून हुसकणारे तिथंही आहेत, सगळं इंग्रजीत आहे, आणि ज्या मोठमोठ्या कंपन्या त्यावर गब्बर झाल्या त्यांनी त्याच उघड्या कोडवर आपले बंद वाडे बांधलेत. खर्चीवाल्याचा माग एका रात्रीत सुटत नाही. पण ह्या मागाचं झाकण उघडतं, आणि आतला प्रत्येक खिळा कुणीतरी लिहून ठेवलाय. इंग्रजी अडलं तर आम्हाला विचारा. आम्ही हुसकणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला इथंच जमायचं. ज्यांना घ्यायचाय त्यांनी आपलं बजेट चिठ्ठीवर लिहून आणा, नाव नको. कमीत कमी ८ जीबीचे पेन ड्राईव्ह आणा, रिकामे करून, त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. माझ्याकडं दोन बारके स्क्रू-ड्रायव्हर आहेत, कुणाच्या मामाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान असेल तर त्याच्याकडनं आणखी एक संच मागून घ्या. एक जुना थिंकपॅड मी आणतोय. तो आपण सगळ्यांदेखत उघडू, मेमरी काढू, पंखा पुसू, परत बसवू. बसवायचं काम पोरी करतील. पोरांनी स्क्रू सांभाळायचे, वाटीत, हरवायचे नाहीत.